आमच्या दाराशी येण्याआधी: विधिमंडळाच्या सदस्यांना नागपूरहून खुले पत्र

मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा, मा. सभापती, महाराष्ट्र विधान परिषद, आणि दोन्ही सभागृहांचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपूरचा सिव्हिल लाइन्स भाग बदलून जातो. रस्त्यांची डागडुजी होते, दुभाजकांना रंग लागतो, आमदार निवासात वर्दळ सुरू होते आणि यशवंत स्टेडियमहून निघणारे मोर्चे कुठे अडवायचे याची आखणी होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन या शहरात घेण्याचे वचन दिले गेले, त्या वचनानुसार आपण येता. याच सिव्हिल लाइन्समध्ये, विधान भवनापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. तिथे मी गेली सव्वीस वर्षे वकिली करते आहे. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर हातात निवेदन घेऊन दिवसभर उभी राहिलेली माणसे काही महिन्यांनी माझ्या टेबलासमोर वकीलपत्रावर सही करताना मी पाहिली आहेत. निवेदन आणि याचिका या दोन्हींतला मजकूर बहुतेक वेळा एकच असतो. म्हणूनच हे पत्र न्यायमूर्तींना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

मूलभूत अधिकारांचे रक्षण हे न्यायालयांचे काम आहे, असे आता आपण सर्वांनीच धरून ठेवले आहे. कायदा आपण करायचा, तो कुणाच्या अधिकारावर आला तर त्याने रिट याचिका दाखल करायची आणि पुढे न्यायमूर्ती काय ते बघतील, अशी कामाची वाटणी जणू ठरून गेली आहे. राज्यघटनेत मात्र अशी वाटणी नाही. अनुच्छेद १३ सांगतो की, राज्याने मूलभूत अधिकार हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा करू नये. ‘राज्य’ म्हणजे कोण, हे त्याच्या आधीच्या अनुच्छेद १२ मध्ये आहे, आणि त्यात संसद व राज्यांची विधिमंडळे स्पष्ट शब्दांत येतात. म्हणजे घटनेने पहिली ताकीद दिली ती आपल्याला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत अनुच्छेद ३२ ला, म्हणजे मूलभूत अधिकारांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या हक्काला, राज्यघटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, हे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. तो हक्क आणि अनुच्छेद २२६ खालचा उच्च न्यायालयाचा तसाच अधिकार यांची गरज, आपल्या सभागृहाला दिलेली ताकीद मोडली गेल्यावर लागते.

हे केवळ कलमांच्या आधारे मांडले तर कोरडे वाटेल. नागपूर खंडपीठाच्या इतिहासातल्या दोन घटना मात्र आपण ऐकून घ्याव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण दोन्हींत खंडपीठाने नागरिकाची बाजू घेतली, दोन्हींत सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय फिरवला आणि दोन्ही वेळा चूक दुरुस्त केली ती संसदेने.

पहिली घटना आणीबाणीतली. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ खालील, म्हणजे समानता, जीवित व स्वातंत्र्य आणि अटकेतले संरक्षण या, अधिकारांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद करण्यात आला. ‘मिसा’खाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करू देणाऱ्या कायद्याखाली, डांबलेल्या माणसांच्या वतीने देशभरातल्या उच्च न्यायालयांत देहोपस्थितीच्या, म्हणजे कैद्याला न्यायालयापुढे हजर करून कैदेचे कारण दाखवा असे मागणाऱ्या, याचिका दाखल झाल्या. सरकारचे म्हणणे असे की, अशी याचिका ऐकण्याचाच अधिकार न्यायालयाला उरलेला नाही. नऊ उच्च न्यायालयांनी ते मान्य केले नाही, आणि ज्यांच्या निर्णयांना सरकारने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवाद्यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर त्यावरही उपाय नाही का. आणीबाणी चालू असेपर्यंत नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारचे म्हणणे मान्य झाले. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांचे होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश करण्यात आले.

त्या निकालाचे पुढे काय झाले? १९७७ च्या निवडणुकीनंतर आलेल्या संसदेने १९७८ मध्ये चव्वेचाळीसावी घटनादुरुस्ती केली. आणीबाणी असली तरी अनुच्छेद २० (शिक्षेबाबतचे संरक्षण) व २१ खालील अधिकारांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद करता येणार नाही, असे तिने घटनेतच लिहून टाकले. ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून त्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले आणि मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची घोषणा करू नये अशी अट घातली. न्यायालयाने आपला तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्द केला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, गोपनीयतेचा अधिकार मूलभूत ठरवणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने. आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे त्या पीठावर होते. संसदेला जे दोन वर्षांत जमले त्याला न्यायालयाला एक्केचाळीस वर्षे लागली. संसद नेहमीच जागी असते असा याचा अर्थ मी काढत नाही. आणीबाणीच्या काळात बेचाळीसावी घटनादुरुस्ती करून न्यायालयांचे हात बांधू पाहणारी संसदच होती, आणि त्या दुरुस्तीतला काही भाग १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच घटनाबाह्य ठरवला. एक संस्था चुकते तेव्हा दुसरीने ठाम उभे राहायचे, यासाठीच तर दोन्ही आहेत.

दुसरी घटना आपल्या आणखी जवळची आहे. देसाईगंज, ज्याला आपण वडसा म्हणतो, तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका गरीब आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. ऑक्टोबर १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणी अजून उठलेली नसताना, नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून दोघांना दोषी ठरवले. भीतीपोटी गप्प राहणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हे खंडपीठाने ओळखले होते. आज हे वाक्य कुणालाही सहज पटेल. त्या काळात ते लिहायला धैर्य लागले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, आणि अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या गोष्टींना त्या निकालात मोठे वजन दिले गेले.

त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत एका कोवळ्या मुलीने दोन पोलिसांपुढे कोणता प्रतिकार करावा अशी आपली अपेक्षा होती, हा त्या पत्राचा गाभा होता. वकिलीच्या पहिल्या वर्षांत ते पत्र वाचले तेव्हाची अस्वस्थता मला अजून आठवते, आणि पत्राने काही होत नाही असे कुणी म्हटले की मी त्याचाच दाखला देते. निकाल बदलला नाही, पण स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, विधि आयोगाने शिफारशी केल्या आणि १९८३ मध्ये संसदेने फौजदारी कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला. अशा खटल्यात आपली संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यावर बंदी आली, आणि त्या बंदीमागचे कारण मनात ठेवूनच मी इथे त्या मुलीचे नाव लिहिलेले नाही. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये जे एका निकालात म्हटले होते, ते सात वर्षांनी देशाच्या कायद्यात आले. मात्र तिला स्वतःला त्या कायद्याचा काही उपयोग झाला नाही.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाकडेही अभिमानाने सांगण्यासारखे उदाहरण आहे. धार्मिक बहिष्काराला मनाई करणारा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला होता. त्यानंतर जात पंचायतींच्या जाचाने वाळीत टाकलेल्या कुटुंबांना अनेक दशके धड आधार नव्हता. २०१६ मध्ये आपण सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा एकमताने संमत केला आणि असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. मनात आणले तर हे सभागृह न्यायालयाच्या पुढे जाऊन नागरिकाचे रक्षण करू शकते, याचा हा पुरावा आहे.

आता अलीकडचे सांगते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १८ डिसेंबर २०२४ रोजी याच शहरात विधानसभेत मांडले गेले. संघटनेला बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारे हे विधेयक अभिव्यक्तीचे, संघटनेचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे, असे तिन्ही अधिकार स्पर्शणारे होते. ते घाईने संमत न करता संयुक्त समितीकडे पाठवले गेले, बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, काही बदलही झाले. ही पद्धत योग्यच होती आणि त्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानते. पण जुलै २०२५ मध्ये विधानसभेत त्यावर आवाजी मतदान झाले. नक्षलवादाचा बंदोबस्त व्हायला हवा की नको, हा प्रश्नच नाही. गडचिरोलीच्या जवळ राहणाऱ्या आम्हाला त्याची झळ सांगावी लागत नाही. माझे म्हणणे इतकेच की, ज्या कायद्याने माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन येते त्यावर कोणत्या सदस्याने काय मत दिले हे कागदावर राहायला हवे. मतविभागणी, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत नोंदवून घेणारे मतदान, मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. आवाजी मतदानात माझ्या आमदाराचा आवाज कोणत्या बाजूला होता, हे मी मतदार म्हणून कुठे शोधू? आणि ज्या हजारो माणसांनी बसून, लिहून सूचना पाठवल्या, त्यांची सूचना का घेतली किंवा का नाकारली, हे त्यांना मराठीत, सोप्या शब्दांत कळायला नको का?

कायदा करून आपले काम संपत नाही, हेही नागपूरनेच दाखवले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सांगितले की, केवळ आरोपी आहे म्हणून कुणाचे घर पाडता येणार नाही, किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल आणि म्हणणे ऐकून घ्यावे लागेल. हा निकाल जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत आणि स्थानिक संस्थांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी राज्यांच्या मुख्य सचिवांवर टाकलेली होती. मार्च २०२५ मध्ये नागपुरात झालेल्या हिंसाचारानंतर आरोपींशी संबंधित घरांवर महापालिकेने पाडकाम सुरू केले. २४ मार्चला खंडपीठाने स्थगिती दिली, तोवर एक घर पाडून झाले होते. पुढे महापालिकेने बिनशर्त माफी मागितली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाची माहिती अधिकाऱ्यांना नव्हती असे शपथपत्रात सांगितले. हिंसाचार कुणी केला हे फौजदारी न्यायालय ठरवील, दोषींना शिक्षा व्हायलाच हवी. पण ज्या निकालाची सगळ्या देशात चर्चा झाली तो राज्याच्या उपराजधानीतल्या अधिकाऱ्यांना चार महिन्यांत माहीत होत नसेल, तर हा दोष न्यायालय कसा दूर करणार? परिपत्रक कोणत्या तारखेला निघाले, कुणाला मिळाले, हे विचारण्याचे साधन न्यायालयाकडे प्रकरण दाखल होईपर्यंत नसते. आपल्याकडे ते रोज असते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा ही आयुधे त्यासाठीच आहेत.

एक प्रसंग माझ्या कामातला सांगते. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातली एक आई मुलीला घेऊन आली. प्रवेशाची शेवटची तारीख चार दिवसांवर होती आणि मुलीचा जात वैधतेचा दावा नाकारला गेला होता. मुलीच्या वडिलांचे वैधता प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले होते. कागद माझ्यापुढे ठेवत ती माउली म्हणाली, “मॅडम, बापाचं खरं हाये, तर पोरीचं खोटं कसं होईल जी?” मला याहून नेमका युक्तिवाद करता आला नसता. न्यायालयाने तात्पुरता प्रवेश देण्याचा आदेश केला आणि मुलीची जागा वाचली. मुंबई उच्च न्यायालयाने हा मुद्दा अनेक निकालांत स्पष्ट केलेला आहे, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही रक्तनात्यातल्या वैधतेचे महत्त्व मान्य केले आहे, आणि तरीही दरवर्षी पावसाळा सुरू झाला की अशा याचिकांच्या फायली आमच्या टेबलावर येतात. त्या आईने एसटीचे भाडे, वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी, सगळे उसने घेऊन भागवले होते. जी आई नागपूरपर्यंत येऊ शकली नाही तिच्या मुलीचे काय झाले, हे कोणत्याच निकालपत्रात लिहिलेले नसते. २००० चा जात प्रमाणपत्र अधिनियम आपल्या सभागृहाचा आहे. एकाच मुद्द्यावर त्याखाली पुन्हा पुन्हा याचिका दाखल होत असतील, तर त्या कायद्याला दुरुस्तीची गरज आहे का, हे आपणच तपासायला हवे.

आणि गोवारींविषयी लिहिल्याशिवाय नागपूरहून हे पत्र पुरे होणार नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, असेच हिवाळी अधिवेशन चालू असताना, विधान भवनाकडे निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. शांततेने एकत्र जमण्याचा अधिकार अनुच्छेद १९ मध्ये आहे. तो बजावायला ती माणसे आली होती. सीताबर्डीवरच्या उड्डाणपुलाला आज त्यांचे नाव आहे, आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या त्यावरून जात असतील. अनुसूचित जमातींत गणले जावे या त्यांच्या मागणीचा प्रश्न खंडपीठापुढे आला तेव्हा १४ ऑगस्ट २०१८ रोजी निकाल गोवारींच्या बाजूने लागला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि अनुसूचित जमातींची यादी बदलण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, तो संसदेचा आहे, असे सांगितले. ही मागणी मान्य व्हावी की नाही याबद्दल आदिवासी संघटनांचे वेगळे आणि ठाम म्हणणे आहे, आणि त्यावर मत देण्याचा अधिकार मी घेत नाही. पण न्यायालयाने आपल्या अधिकाराची मर्यादा सांगून प्रश्न लोकप्रतिनिधींकडे सोपवला, त्याला आता बरीच वर्षे झाली. ‘हो’ असो की ‘नाही’, कारणांसहित उत्तर मिळणे हा त्या ११४ जणांच्या कुटुंबांचा हक्क आहे. अनुच्छेद ३४२ खालचा अंतिम निर्णय दिल्लीत होत असला तरी राज्याने आपली भूमिका स्वच्छ शब्दांत सभागृहात मांडायला कुणाची आडकाठी नाही.

येत्या अधिवेशनासाठी माझ्या विनंत्या मोठ्या नाहीत. मूलभूत अधिकारांना स्पर्श करणारे विधेयक मांडताना त्यासोबत एक स्वतंत्र मराठी टिपण जोडावे, आणि कोणत्या अनुच्छेदावर कोणते बंधन येते, ते का आवश्यक आहे आणि त्याहून सौम्य उपाय का पुरेसा नाही, हे त्यात लिहावे. खर्चाचे टिपण विधेयकासोबत जोडता येते, तर स्वातंत्र्याच्या खर्चाचेही जोडता येईल. अशा विधेयकाची प्रत सदस्यांच्या आणि लोकांच्या हाती चर्चेच्या निदान काही दिवस आधी पडावी आणि त्यावर मतविभागणी घ्यावी. नागरिकांच्या अधिकारांविषयी सर्वोच्च व उच्च न्यायालयाने वर्षभरात राज्य शासनाला दिलेले निर्देश आणि त्यांवर झालेली कार्यवाही दरवर्षी नागपूर अधिवेशनातच सभागृहाच्या पटलावर ठेवावी. या शेवटच्या गोष्टीसाठी नवा कायदाही लागणार नाही. एका सदस्याने मागणी करावी आणि सरकारने होकार द्यावा, एवढेच पुरे आहे.

अधिवेशनाच्या काळात आमचे न्यायालयही चालू असते. कामकाज सकाळी साडेदहाला सुरू होते आणि ते खुल्या न्यायालयात चालते. आपल्यापैकी कुणी एका सकाळी विधान भवनात जाण्याआधी तासभर येऊन मागच्या बाकावर बसले, तर आपण केलेल्या कायद्यांची नावे घेऊन दारात थांबलेली माणसे आपल्याला भेटतील. दाखवायला मी बाहेर उभी असेन.

आपली नम्र,
नागपूर खंडपीठात वकिली करणारी एक नागरिक
सिव्हिल लाइन्स, नागपूर